अक्कांची खालची ओळ

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या समस्त शाळांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आमच्या शाळेतल्या गाण्याच्या बाईंना समूहगीत शिकवायला पंधरा दिवस पुरत. पण ते निवडायला चार महिने लागत. हे निवेदन सर्वांनी उभं राहून ऐकावं. बसलात तरी हरकत नाही. गोष्ट पुढे माझ्या फजितीकडे जाणार आहे, आणि दुसऱ्याची फजिती बसूनच ऐकायला बरी वाटते.

बाईंना अख्खी शाळा अक्का म्हणायची. त्या बोदवडहून रोज पॅसेंजरनं येत. पिशवीत डबा, छत्री आणि एक जाड वही. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. शिवाय सांस्कृतिक विभागाचा प्रमुख आणि प्रत्येक कार्यक्रमाचा सूत्रसंचालक. माइक दिसला की माझ्या अंगात येतं. अक्कांना माइक दिसला की त्या तो बाजूला सरकवत.

जून उजाडला की पाचवी ते आठवीच्या मुलामुलींमधून समूहगीताचा संच तयार करायचा असे. दुसऱ्या शाळांत आधी गाणं ठरतं आणि मग त्या गाण्यात बसतील अशी मुलं निवडतात. अक्कांचं उलटं. त्या आधी मुलं घेत. कोणती? जी येतील ती. मग पेटीला हातही न लावता त्या पहिला महिना खो-खोच्या मैदानाकडेला नाहीतर खिचडीच्या रांगेपाशी बसून राहत. मी एकदा म्हटलं, "अक्का, गाण्याचा तास सोडून इथे काय?" त्या म्हणाल्या, "सर, गाताना पोरं खोटा आवाज लावतात. भांडताना खरा." आणि समोर खिचडीवरून जुंपलेल्या दोघांपैकी कुणाचा आवाज कुठल्या पट्टीत चढतो, ते त्यांनी शांतपणे वहीत टिपलं.

त्यांची परीक्षाही सांगण्यासारखी. मुलाला व्हरांड्याच्या एका टोकाला उभं करायचं आणि म्हणायचं, "बेटा, केळीच्या बागेच्या त्या टोकाला तुझा बाप शे. मोटर बंद करायची शे. सांग त्याला." (आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात, 'आहेत'ला 'शेत'.) मूल ओरडे, आणि अक्का पेटीवर तो सूर शोधत. असोद्याची ललिता सहावीत असताना अशीच उभी राहिली आणि "ओ आबा, मोटर बंद करा, पानी भाइर चाललं!" असं इतक्या जोरात ओरडली, की ऑफिसातल्या शिपायानं खरोखर पाण्याची मोटर बंद केली. मुलगी एवढीशी, पण आवाज जाड, खोल, भरलेल्या रांजणासारखा. मुली फिदीफिदी हसल्या. ललितानं ओढणी तोंडात धरली. अक्का एवढंच म्हणाल्या, "हसू नका ग. माझी खालची ओळ आली."

खालची ओळ म्हणजे काय, ते सांगतो. सातवी-आठवीतल्या पोरांचे आवाज फुटायला लागतात. घरचे म्हणतात, पोरगं घोगरं झालं. अक्का म्हणत, "मोड आलेत." मोड आलेल्या आवाजाला वरचे सूर मिळत नाहीत आणि खालचे अजून भरलेले नसतात. मधले पाच-सहा सूर, तेवढीच त्याची जागा. अक्का त्या पाच-सहा सुरांची दुसरी ओळ रचत. वरची ओळ लहान मुलं आणि बारीक आवाजाच्या मुली गात. खालून ही पोरं गात, आणि ललिताही.

एकदा स्पर्धेला बारा दिवस उरले असताना आठवीतल्या एकाचा आवाज फुटला. अक्कांनी गाणंच बदललं. मी कपाळाला हात लावला. "अक्का, एका पोरासाठी अख्खं गाणं?" पेटीचा भाता न थांबवता त्या म्हणाल्या, "गाणी ढीगभर शेत, सर. त्याला आवाज एकच शे." हे वाक्य मी नंतर निदान चार भाषणांत स्वतःचं म्हणून वापरलं. टाळ्याही घेतल्या.

आता फजितीकडे येतो. इतका वेळ फिरलो त्याचं कारण तुमच्या लक्षात आलंच असेल.

ललिता सातवीत होती. धुळ्याला मोठी स्पर्धा होती. अक्कांनी त्या वर्षी असोद्याच्या बायांकडून कापूस वेचणीची एक चाल आणली होती आणि तिच्यावर साधे शब्द बसवले होते. वरची ओळ झुळझुळ चाले, आणि खालून पाच जण संथपणे "चल माय, चल माय" म्हणत राहत. त्या पाचांत ललिता. तिच्या आवाजावर ते गाणं घर जोत्यावर उभं राहावं तसं उभं होतं. स्पर्धेला आठ दिवस असताना बोदवडला अक्कांची आई पडली, मांडीचं हाड मोडलं. जाताना त्या मला म्हणाल्या, "सर, पोरं गाणं विसरली तरी चालेल. फक्त कुणाला गप्प करू नका."

मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. फार छान दिलं. आवाजात कंपही आणला होता.

दोन दिवसांनी कुणीतरी मला दुसऱ्या एका शाळेच्या तालमीचा व्हिडिओ पाठवला. झेंडे, फेटे, टाळ्या, शेवटी सगळ्यांचे हात आभाळात. मला आमची कापूस वेचणी एकदम गरीब दिसायला लागली. गेल्या सव्वीस जानेवारीला मुलांनी एक दणदणीत देशभक्तीपर गीत म्हटलं होतं. त्याचा तयार ट्रॅक माझ्या पेनड्राइव्हवर होता. मी तोच लावला. आता ट्रॅक म्हणजे पेटी नव्हे. पोरांसाठी तो खाली उतरत नाही. शेवटची ओळ तर थेट टाकीवर चढलेली. खालच्या ओळीतली पाचही मुलं तिथे पोचेनात. ललिताचा आवाज चिरकला आणि सगळा संच हसला.

मी मार्ग काढला. "तुम्ही पाच जण मागे उभे राहा. गायचं नाही, नुसते ओठ हलवा. पण चेहऱ्यावर भाव हवेत!" आणि खोटं कशाला सांगू, ओठ कसे हलवायचे हे मी त्यांना तासभर शिकवलं. श्वास कुठे घेतल्यासारखा दाखवायचा, भुवया कुठे उचलायच्या. इतकं मन लावून मी कधी व्याकरण शिकवलं नव्हतं.

ललितानं विचारलं, "सर, मंग मी धुळ्याले कशाले येऊ?"

मी म्हटलं, "फोटोत यायला!"

सगळे खो खो हसले. त्या हशानं मी फुललो. तो हशा आजही अधूनमधून कानात येतो, आणि मी वर्गात असलो तर फळ्याकडे तोंड करतो.

धुळ्यात आम्हांला पहिला क्रमांक मिळाला. परीक्षक म्हातारे, फार भले गृहस्थ होते. ढाल देताना म्हणाले, "मागच्या ओळीतली ती मुलगी, तिच्या चेहऱ्यावर गाणं दिसत होतं. बाळ, पुढे ये. ती शेवटची ओळ एकदा एकटीनं म्हणून दाखव." ललिता पुढे आली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तक्रार करणारी नजर नव्हती ती. आता काय करायचं, हे गुरुजींना विचारावं, तेवढीच. आणि मी, वचन देताना आवाजात कंप आणणारा मी, माइक हिसकावून म्हणालो, "सर, घसा बसलाय तिचा. सराव फार केला पोरीनं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ललितानं ठरल्याप्रमाणे हसरा चेहरा ठेवला.

अक्का परत आल्या तेव्हा ढाल मुख्याध्यापकांच्या टेबलावर होती. त्यांनी ढालीकडे पाहिलं नाही. शेजारचा धुळ्याचा फोटो हातात घेतला. मागच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे पाच काय म्हणत होते, सर?"

मी खिशातून रुमाल काढला आणि ढाल पुसायला लागलो. मी, ज्याला आभारप्रदर्शनाला वीस मिनिटं लागतात.

त्या रागावल्या असत्या तर मी काहीतरी विनोद केला असता. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी कापसाचं गाणं पुन्हा सुरू केलं. ना स्पर्धा, ना पाहुणे. चौघं आले. ललिता आली नाही. अक्का दोनदा असोद्याच्या बसमध्ये बसून तिच्या घरी जाऊन आल्या. ललिता त्यांना चहा देई, पाया पडे आणि म्हणे, "अक्का, मले गाता येत नही." पुढची दोन वर्षं ती वर्गात हजेरीलाही हात वर करी. "हजर" म्हणत नसे.

अक्का निवृत्त झाल्या. त्यांची जागा अजून भरलेली नाही, त्यामुळे समूहगीत निवडायचं काम आता माझ्याकडे आहे. मी खिचडीच्या रांगेपाशी बसतो. मला सूर कळत नाहीत. भांडणं मात्र नीट ऐकतो. मोठं गाणं माझ्याकडून कधी निवडलं जात नाही, आणि ढाल त्यानंतर आलेली नाही. पेनड्राइव्ह कुठे आहे ते मला ठाऊक आहे. मी शोधत नाही.

पण हे शहाणपण मला आपोआप आलं असं समजू नका. ते मला अक्कांच्या निरोप समारंभात, पाचशे माणसांसमोर मिळालं. सूत्रसंचालक अर्थात मी. शाल, श्रीफळ, पेढे, सगळं यथासांग झालं. अक्का खुर्चीत अवघडून बसल्या होत्या, शेजारी त्यांची पेटी. मी डोळे मिटून, हात पसरून शेवटचं वाक्य घेतलं : "रसिकहो, या माउलीच्या छायेखाली आपल्या शाळेतलं एकही लेकरू, एकही, कधी गप्प उभं राहिलं नाही!" आणि टाळ्यांसाठी थांबलो. मी नेहमी थांबतो.

टाळ्या आल्या नाहीत. नववीच्या रांगेतून ललिता उठली. स्वतःलाच न कळता उठली असावी, कारण ओढणी तोंडाकडे नेलेला हात तसाच अर्ध्यावर राहिला होता. तिचा आवाज आला. जाड, खोल, विनामाइक, केळीच्या बागेच्या त्या टोकाला पोचेल असा. अक्कांनी झटकन मान वर केली, आणि त्यांचं बोट, शपथेवर सांगतो, पेटीवर तो सूर शोधायला लागलं.

"खोटं काहून बोलता, सर? मले तं तुम्हीच ओठ हालवाले सांगेल व्हतं!"