काठीकडे पाठ केलेला बगळा

विंकेलाउ गावाच्या निशाणावरचा बगळा वालबुर्गा ड्रेक्सेलच्या बापाने काढला होता. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. गिरणीच्या चाकावर उभा असलेला तो बगळा त्याने शाळेतल्या क्योस्लिंग मास्तरांना विश्वासाने दाखवला, आणि मास्तरांनी तो स्वतःच्या नावावर नगरपालिकेत देऊन टाकला. गावाला मानचिन्ह मिळालं, मास्तरांना मान. बाप भांडला नाही. दोन वर्षांत गेला.

वालबुर्गा विसरली नाही. गावाची निशाणं तीच शिवायची. बगळा आपल्याला नदीकाठी कसा सुचला हे मास्तर दर जत्रेत रंगवून सांगायचे आणि ती दात आवळून ऐकायची. बापाचं मूळ चित्र तिच्याकडे होतं. पण चार जणांत दाखवलं तर दाबलं गेलं असतं. तिला सगळं गाव समोर हवं होतं.

मानचिन्हाच्या पंचविसाव्या वर्षी नवं निशाण करायचं ठरलं. मिरवणुकीत ते मास्तरच धरणार होते. निशाणावरच्या पाखराचं तोंड काठीकडे हवं, पाठ असली तर ते पळ काढतंय असं दिसतं, हे तिला बापाने शिकवलं होतं. तिने नमुन्यात बगळ्याची पाठ काठीकडे ठेवली.

"तुमचंच चित्र आहे, मास्तर. नीट बघा, मग सही करा."

"बघायचं काय त्यात? झोपेतसुद्धा काढीन मी," म्हणत त्यांनी सही ठोकली.

मिरवणुकीत शेजारगावचे निशाणवाले आधी कुजबुजले, मग उघड हसू लागले. विंकेलाउचा बगळा कोणाला भिऊन पळतोय, असं एकाने विचारलंही. लालबुंद झालेल्या नगराध्यक्षांनी वालबुर्गाला सर्वांसमोर जाब विचारला. तिने सहीचा कागद पुढे केला. मग बापाचं चित्र उलगडलं, तारखेसकट.

"ज्याने हा बगळा काढला, त्याला त्याचं तोंड कुठे ते ठाऊक होतं," ती म्हणाली. "यांना नव्हतं."

मास्तर निशाण धरून नुसते उभे राहिले. कोणी ते त्यांच्या हातून घेतलंही नाही.

नगरपालिकेने दप्तरात बापाचं नाव घातलं. पुढे मास्तर टोपी काढून तिच्या दाराशी माफी मागायला आले, तेव्हा तिने दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि एक शब्द न बोलता लावून टाकलं. ते चुकीचं निशाण तिने मागून घेतलं होतं. दर जत्रेला ती ते मास्तरांच्या घरासमोरच्या आपल्या खिडकीत लावायची. चौथ्या वर्षी मास्तर मुलीकडे कायमचे राहायला निघाले. सामान गाडीत चढेपर्यंत ती खिडकीतून हलली नाही.