दिवस गेलेत, कावीळ नाही

लग्न होऊन लाखनीकडच्या या घरात आले, त्याच महिन्यात मी सासूबाईंना सांगून टाकलं, पाळीत मी बाहेर बसणार नाही. तोवर इथं पडवीत वेगळं अंथरूण, वेगळा गिलास असा कारभार होता. मी चुलीला हात लावला, देवापुढे दिवाही लावला. सासूबाई भडकल्या. "देवी कोपन. कूस भरणार नाही तुही." पुढे काही वर्षं खरंच मूल झालं नाही, आणि दर सणाला पुरणपोळीआधी हेच वाक्य माझ्या ताटात पडायचं. नवऱ्यानं आम्हा दोघींच्या मध्ये न पडण्याची शपथच घेतलेली. डोकं फिरायचं माझं. पण बसले नाही म्हणजे नाहीच.

गावातल्या बाकी घरांत सून पडवीत बसायची थांबली, की सासू लगेच ओळखते. आमच्याकडे ती सोयच उरली नव्हती. म्हणून धानकापणीच्या दिवसांत मला शिजत्या भाताचा वास नकोसा झाला, तेव्हा कुणालाच काही उमगलं नाही. भाताचा वास हो! दोन्ही वेळ भात खाऊन वाढलेली मी, झाकण उघडलं की तोंडाला पदर लावून मागच्या दारी पळायची. छाती दुखायची, ब्लाउज टोचायचा. पेंढ्या बांधता बांधता बांधावरच डोळा लागायचा. लघवीला सारखं उठावं लागायचं. पाळी चुकल्याचं मला ठाऊक होतं. पण आशा धरायची भीती वाटत होती, इतक्यांदा रडून झालं होतं.

सासूबाईंनी मात्र निदान करून टाकलं, कावीळ! "डोये पिवये दिसून राह्यले तुहे." शेजारच्या गावातून कसल्याशा मुळीचा काढा आणला आणि गिलास हातात दिला. "नाक दाबून पी."

गिलास ओठांशी आला आणि एकदम मनात आलं. पोटात काही असलं तर? मी गिलास खाली ठेवला.

"नाही पीत."

"काहून?"

"आधी लाखनीले जाऊन येतो."

एसटीनं गेले. मेडिकलवाला तपासायची पट्टी कागदात गुंडाळायला लागला. म्हटलं, "राहू द्या, चोरीचा माल नाही." घरी येऊन न्हाणीत तपासलं. दोन रेघा! तिथंच ओक्साबोक्शी रडले, आणि ती पट्टी घेऊन तशीच चुलीपाशी गेले.

"आई, कावीळ नाही. दिवस गेलेत."

सासूबाईंचे डोळे भरून आले. काढा त्यांनी स्वतःच मोरीत ओतला. माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाल्या, "देवीनं माफ केलं तुले. आता बायतपन झाल्यावर तरी बाहेर बसजो."

भडकाच उडाला माझा. माफी मागितली होती कुणी?

"नाही, आई. आन् पोरगी झाली त तिलेही बसू नाही देणार."

"आन् पोरगा झाला त?"

"त त्याच्या बायकोलेही नाही."