तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधला तास

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्य जिने चढण्यात जातं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. त्याला बोलावतात तेव्हा लिफ्ट बंद असते, आणि ती चालू झाली की त्याचं तिथलं काम संपतं. आमच्या या मिस्त्रींचं तसंच होतं. माणूस पन्नाशीचा, पण गुडघे केव्हाच सत्तरीला पोचलेले. खांद्यावर हत्यारांची पिशवी, बाहीला ग्रीसचा डाग, आणि चेहरा असा की कुणीतरी आत्ताच ‘अजून दोन मजले’ म्हणून सांगितलंय. लोक त्यांना ‘लिफ्टवाले’ म्हणत. मेकॅनिक म्हणा, अशी दुरुस्ती त्यांनी सुरुवातीची काही वर्षं करून पाहिली. मग तेवढी एकच दुरुस्ती अर्धवट सोडून दिली.

त्यांना एकच मुलगी. ती बोलायला लागली आणि वाद घालायला लागली ते एकाच आठवड्यात, असं तिची आई सांगते. झोपायची वेळ झाली म्हटलं, तर ती कुणी ठरवली, आणि ठरवताना मला विचारलं होतं का, इथून सुरुवात. त्यामुळे घरात तिचं नाव वकीलबाई पडलं ते पडलंच. शाळा संपल्यावर वकीलबाईंनी कायद्याच्या कॉलेजात जायचं जाहीर केलं, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. फक्त त्या कॉलेजाला प्रवेश परीक्षा होती, परीक्षेला शिकवणी लागत होती आणि शिकवणीला मास्तर. मिस्त्रींच्या नशिबी आणखी जिने आले.

गेल्या वर्षी एक सर मिळाले होते. पहिल्या तासाला त्यांनी असं काही शिकवलं, की स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आईलाही वाटलं, आपणही परीक्षेला बसून टाकावं. निम्मा अभ्यास झाला आणि सरांना एका मोठ्या क्लासनं उचललं. सर निरोप द्यायलाही आले नाहीत. मुलीच्या हातावर तुरी देऊन गेले ते गेलेच, आणि तिचा प्रवेश थोडक्यात हुकला.

हुकला त्याचं एवढं नव्हतं. त्यानंतर पोरगी वादच घालेना. भाजी अळणी झालीय का गं, विचारलं तर ‘असेल’. आज गप्प दिसतेस, म्हटलं तर ‘दिसत असेन’. सरावाच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर लिहायची, आणि कुणी नुसती भुवई उचलली तरी खोडून टाकायची. मिस्त्री दिवसभराचे दमून घरी यायचे, आणि घरातली शांतता त्यांना उरलंसुरलं दमवायची. यंदा शेवटचं, नाही जमलं तर आईबरोबर दुकानात उभी राहते, हेही तिनंच ठरवलं होतं. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. तिथे काही वाईट नाही. पण मुलीनं ते एका वाक्यात, कसलीही हुज्जत न घालता सांगितलं, ते आईच्या फार जिव्हारी लागलं.

तेव्हा यंदाचा मास्तर पारखून घ्यायचा, असं मिस्त्रींनी मनाशी घेतलं.

घरी येऊन शिकवणारे पहिला तास नमुन्याचा घेतात. पसंत पडला तर पुढचं बोलणं. मिस्त्रींनी कामाच्या इमारतींतून, मेव्हण्याकडून, दुकानातल्या गिऱ्हाइकांकडून मास्तर गोळा केले. एक सर हातातलं घड्याळ काढून टेबलावर मांडूनच बसले. दुसरे मुलीला सोडून मिस्त्रींनाच शिकवत राहिले, वाक्यागणिक ‘बरोबर ना साहेब?’ मिस्त्रींना जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं, तरी ते पाघळले नाहीत. तिसऱ्यांचा फोन इतक्यांदा वाजला की मुलीनंच त्यांना सांगितलं, घ्या, महत्त्वाचा असेल. आणि गंमत म्हणजे सगळ्यांचा पहिला तास एकच. गोल टेबलाभोवती आठ माणसं बसली आहेत, तर कोण कुणाच्या डाव्या हाताला?

“आता ती आठजणं मला घरच्यासारखी वाटायला लागलीत,” आई म्हणाली. “एकदा चहाला तरी बोलवू या त्यांना.”

“तुला चेष्टा सुचतेय.”

“मग काय करू? अहो, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?”

“पहिला तास सगळेच चांगला घेतात गं. मला तिसाव्या तासाचा माणूस बघायचाय.”

“मग तीस तास थांबा.”

“आणि तेव्हा कळलं, की हाही तसलाच? मग?”

आईनं मुलीकडे पाहिलं. मुलगी पुस्तकात डोकं घालून होती. एरवी तिनं दोघांनाही खोडून काढलं असतं, आता नुसतं पान उलटलं.

मिस्त्रींच्या डोक्यात ते खूळ शिरलं ते बहुतेक त्याच संध्याकाळी. माणूस खरा कसा आहे हे कळायची एकच जागा त्यांना ठाऊक होती. अडकलेली लिफ्ट. बंद दाराबाहेर उभं राहून त्यांनी सगळ्या जातीची माणसं ऐकली होती. खालच्या मजल्यावर रुबाबात शिरलेला साहेब मधल्या मजल्यावर आईच्या नावानं हाका मारतो. गोडबोल्या माणूस पहिल्यांदा दुसऱ्याच्या अंगावर खेकसतो. आणि एखादी कुणाच्या खिजगणतीत नसलेली बाई आतल्या सगळ्यांना धीर देत उभी असते. तिथे तिसावा तास पाच मिनिटांत येतो.

यानंतर जो मास्तर मिळाला त्या एक बाई होत्या. आईच्या दुकानात गुडघ्याचं मलम न्यायला यायच्या, त्यामुळे मिस्त्रींचा धंदा त्यांना ऐकून ठाऊक होता. वकिलाच्या ऑफिसात कागद तपासण्यात उमर गेलेली, आता मुलांना या परीक्षेसाठी शिकवायच्या. बारीक अंगाच्या, केस कापलेले, कापडी पिशवीत खोकल्याच्या गोळ्या.

“या बाईंना तरी पळवून लावू नका,” आईनं दुकानात जाता जाता बजावलं.

मिस्त्री चौथ्या मजल्यावर राहतात ती इमारत जुनी, लिफ्ट तर जाळीच्या दाराची, आणि तिची देखभाल त्यांच्याचकडे. त्या दिवशी ते कामावरून लवकर निघाले आणि थेट गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन उभे राहिले. कठड्यावरून बाई फाटकातून येताना दिसल्या. थोड्या वेळानं मोटर सुरू झाली. चालती लिफ्ट उगाच बंद करायची पाळी मिस्त्रींवर कधी आली नव्हती. हाताला लाज वाटली असावी, कारण पहिल्या खेपेला खटका खाली गेलाच नाही. दुसऱ्या खेपेला गेला. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे थांबली.

मिस्त्री चोरपावलांनी जिना उतरले आणि चौथ्या मजल्याच्या वर, वळणावर उभे राहिले. खाली जाळीतून बाईंचं डोकं तेवढं दिसत होतं, बरोबर मिस्त्रींच्या दारातल्या चपलांच्या उंचीवर. ओरडणं नाही, दार वाजवणं नाही. कागद चुरगळल्याचा आवाज आला. बाईंनी गोळी तोंडात टाकली होती.

मग त्या स्वतःशीच बोलाव्यात तशा बोलल्या, “दिवा चालू आहे. पंखा चालू आहे. म्हणजे वीज गेलेली नाही. जिन्यावर कुणीतरी दमलेला माणूस श्वास घेतोय, आणि मला ‘घाबरू नका’ म्हणत नाहीये.” आणि त्यांनी आवाज चढवला. “अहो जिन्यावरचे! लिफ्टवाले ना तुम्ही?”

मिस्त्रींच्या पायाखालची पायरी सरकली. ‘घाबरू नका’ हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. आजवर ते एकदाही चुकलं नव्हतं.

तेवढ्यात घराचं दार उघडलं. आवाज ऐकून मुलगी बाहेर आली. तिनं चपलांपाशी बाईंचं डोकं पाहिलं, मग जिन्यावर हात मागे बांधून उभे असलेले वडील पाहिले.

“बाबा, तुम्ही थांबवलीत?”

“दोन मिनिटं. नुसतं बघायला.”

“काय बघायला?”

“माणूस कसा आहे ते.”

“बाबा! हे काय आहे? असं कुणाला कोंडतात का? त्यांना काही झालं असतं म्हणजे? तुम्हाला हक्कच काय…”

“थांब,” खालून बाई म्हणाल्या.

मिस्त्री लिफ्ट चालू करायला वर पळायच्या बेतात होते. तेही थांबले.

“तुम्हीही थांबा मिस्त्री, तिचं होऊ द्या आधी. हं, बाळ. सगळं एकदम ओतू नकोस. आधी नियम सांग, मग घडलं काय ते सांग. शिव्या शेवटी.”

मुलगी गोंधळली. पण राग होता, तो मदतीला आला. “एखाद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध सगळ्या बाजूंनी अडवून ठेवलं, तर तो गुन्हा होतो.”

“सगळ्या बाजूंनी? मला तर तुझी चप्पल दिसतेय. अंगठा तुटलाय तिचा.”

“दिसणं म्हणजे बाहेर पडता येणं नव्हे!”

“बरं. वडील म्हणतात, दोनच मिनिटं.”

“मिनिटांचा प्रश्नच नाही. अडवलं की अडवलं.”

“वडील म्हणतात, हेतू चांगला होता. मुलीसाठी केलं.”

इथे ती अडखळली. तिनं वर पाहिलं. मिस्त्रींची भुवई, त्यांच्याही नकळत, उचलली गेली होती. “असेल…” ती पुटपुटली. खालून बाईंची गोळी या गालातून त्या गालात गेली तेवढंच ऐकू आलं. मिस्त्रींनी पटकन भुवई खाली घेतली. 

“असेल,” मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज जिनाभर घुमला. “पण हेतू चांगला आहे म्हणून दार उघडत नाही, बाबा! आत तुम्ही असतात तर? आणि मला विचारलंत? माझी शिकवणी, माझ्या बाई, आणि ठरवताना मला एका शब्दानं तरी विचारलंत?”

“आता चालू करा,” बाई म्हणाल्या.

मिस्त्री वर गेले. खटका वर करून झाल्यावरही ते क्षणभर मशीनला हात टेकून तसेच उभे राहिले. लाज वाटत होती, आणि बऱ्याच महिन्यांनी पोरीनं त्यांना फैलावर घेतलं म्हणून बरंही वाटत होतं. यातलं नक्की कशानं डोळ्यांत पाणी आलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरात बाईंनी पाणी घेतलं. गोल टेबलाचं नावही काढलं नाही.

“मी तक्रार केली तर तुमची नोकरी जाईल,” त्या म्हणाल्या.

“जाईल, बाई. चुकलंच माझं.”

“चुकलंच. आणि पुन्हा कराल तर करीनच तक्रार. मुलीला मी शिकवते. तिला बोलता येतं, पण बोलायला लिफ्ट बंद पाडावी लागते, तेवढं कमी करायचंय.” त्यांनी गुडघा चोळला. “आता माझी अट. जिना मला चढवत नाही. आणि तुमच्या लिफ्टमध्ये मी एकटी पाऊल टाकणार नाही. येताना, जाताना, दर वेळी तुम्ही माझ्याबरोबर आत. अडकलो तर दोघं अडकू.”

“बाई, माझी ड्यूटी…”

“तो तुमचा प्रश्न.”

मिस्त्रींनी मान हलवली. मग न राहवून विचारलंच, “आणि तुम्ही मधेच सोडून तर नाही ना जाणार?”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “ते मला आज सांगता येणार नाही. पहिल्याच तासाला जो सांगतो, त्याला ठेवू नका.”

तेव्हापासून शिकवणीच्या दिवशी मिस्त्री हातातलं काम कसंबसं आवरून घराकडे धावत सुटतात. फाटकापाशी बाईंची वाट बघतात. मग दोघं लिफ्टमध्ये शेजारी शेजारी उभी राहतात, दाराकडे बघत. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी लिफ्ट चालू करून देणारा हा माणूस पहिल्यांदाच कुणाच्या तरी बरोबर आरामात वर जातो, आणि त्याच्या चेहऱ्यावर भाव असा की शिक्षा भोगतोय. भोगतच असतो म्हणा.

बाई आत गेल्या की हे घरात जात नाहीत, त्यांना खाली सोडायची वेळ होईतो जिन्यावरच बसतात. परवा आई दुकानातून आली तर भिंतीला डोकं टेकून डोळे मिटलेले.

“अहो, निदान आत तरी बसा.”

आतून आवाज आला, “नाही बाई, मला नाही पटत.” मग बाईंचा शांत आवाज, “का नाही पटत?” मग पुन्हा मुलगी, मोठ्यानं, बराच वेळ.

“परीक्षेचं काय होईल हो?” आईनं हळूच विचारलं.

“कुणाला ठाऊक.” मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत. “बस. इथून नीट ऐकू येतं.”

दिवसभर उभं राहून तिचेही पाय भरून आले होते. त्यांनी थोडं सरकून जागा केली आणि ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.