बाकावरचे दोन अंगठे

गाऊट, म्हणजे पायाचा अंगठा सुजवणारा संधिवात, हा केवळ सुखवस्तू माणसांचा आजार आहे का, या प्रश्नाचे उत्तर मला मेहरूणमधील एका दवाखान्याच्या बाकावर मिळाले. मी निवृत्त शिक्षक. माझ्या पायाचा अंगठा सुजला होता. शेजारी केळीचे घड वाहणारा एक मजूर बसला होता. घड पडून मार लागला असावा, असे समजून त्याने अंगठ्यावर केळीचे ओले पान सुतळीने बांधले होते. पाय टेकता आला नाही, तर मजुरांची टोळी आपल्याला सोबत नेणार नाही, एवढीच त्याची चिंता होती.

डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही गाऊटच सांगितला.

तो हसला. "गुरुजी, हाऊ रोग साहेब लोकस्ना शे ना? मग मना अंगठाले कोनी सांगं की मी साहेब शे?"

मी त्याची चिठ्ठी वाचून दाखवली : गोळ्या, विश्रांती, भरपूर पाणी, उतार पडला की कामावर जाता येईल. शेवटचे वाक्य त्याने पुन्हा वाचायला लावले.

मग त्यानेच आपला खांदा पुढे केला. घडांनी घट्टे पडलेल्या त्या खांद्याच्या आधाराने मी पायऱ्या उतरलो. लंगडत होतो दोघेही.

दोन अंगठ्यांवरून नियम सिद्ध होत नाही. म्हणून विनंती एवढीच, की दवाखान्यात बसाल तेव्हा शेजारच्या माणसाची विचारपूस करून हे स्वतः पडताळून पाहावे.