न हलणारा बगळा

सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी फोटोवाला खाजणाच्या बांधावर पालथा पडला होता. कोपरं चिखलात होती, पोटाखाली पोतं होतं, आणि समोरच्या बगळ्यावर तो बेहद्द खूश होता. पूर्ण ओहोटी होती. बगळा उघड्या पडलेल्या चिखलात एका पायावर उभा होता. अंग पांढरंशुभ्र, मान जराशी वाकडी, आणि मुख्य म्हणजे जागचा हलत नव्हता.

"अस्सा," तो पुटपुटला. "हलू नकोस."

हे त्याचं दिवसभराचं वाक्य. जेट्टीच्या रस्त्यावर त्याचा स्टुडिओ आहे: एक खोली, मागे पांढरा पडदा, पुढे काउंटर. बेटावर ज्याच्या खिशात ओळखपत्र आहे, त्याने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं आहे. त्यामुळे सगळे त्याला 'हलूनका' म्हणतात. पोरं तर तोंडावर 'हलूनका काका' म्हणतात आणि तो ओ देतो.

पासपोर्टचे फोटो पोटासाठी आणि पक्षी स्वतःसाठी, अशी वाटणी त्याने तरुणपणीच करून टाकली. पक्ष्यांच्या मागे हिंडताना बाकीचंही हाती लागतं: बोटीवरून डोक्यावर उतरवलेली सायकल, जाळं शिवणारा म्हातारा, भरतीच्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या दोन जावा. ते फोटो दुकानाच्या भिंतीवर असतात. गिऱ्हाइकं आपल्या फोटोची वाट बघत त्यांत आपली माणसं शोधतात.

त्याने भिंगाची कडी थोडी फिरवली. बगळा जरा पुसट वाटला. धुकं असणार. गेलं वर्षभर बेटावर धुकं जास्तच पडतंय असं त्याचं मत होतं. घरात दुसऱ्या कोणाला ते दिसलेलं नव्हतं.

तेवढ्यात किनाऱ्याला जाळी लावणारी बाई कमरेवर टोपली घेऊन आली.

"काका, कोणाचा फोटो?"

"हळू बोल. उडेल."

"कोण?"

"बगळा."

बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. टोपली बांधावर ठेवली आणि सरळ चिखलात उतरली. फोटोवाल्याने हात वर करून तिला थांबवायचा प्रयत्न केला. तिने बगळ्याची मान धरली, त्याला उचललं, आतलं पाणी ओतून दिलं आणि परत जागेवर अडकवलं.

"माझा कॅन आहे," ती म्हणाली. "जाळ्याची खूण म्हणून काठीला अडकवलाय. तुमचं चालू द्या. हा काही उडत नाही."

"उजेड कमी आहे," फोटोवाला उठत म्हणाला.

"तर," बाई म्हणाली आणि नारळांमागून वर येणाऱ्या सूर्याकडे हात करून डोळे बारीक केले. "मी कोणाला सांगत नाही, काका."

तो चिखल धुऊन जेट्टीपाशी पोचेस्तोवर चहावाल्यापर्यंत बातमी आली होती. "काका, कॅनने डोळे मिटले नाहीत ना?"

दुकानामागेच घर. सून काउंटरच्या संगणकावर फोटो उतरवून घ्यायला बसली. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदाच येतो, त्यामुळे दुकानाची दुसरी बाजू तीच सांभाळते. कॅनचे फोटो बघून ती हसली नाही, हे फोटोवाल्याला जास्त लागलं. तिने गेल्या महिन्याचे फोटो उघडले.

"बाबा, हा खंड्या बघा. मागचा दोर कसा खणखणीत आलाय. खंड्याच आलेला नाही."

"भिंग जुनं झालंय."

"मग दोर कसा आला?"

"डोळा जुना झालाय," बायको आतून म्हणाली. "डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं होतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, काढून घ्या. त्याने मान डोलावली होती आणि सुरय येऊन गेले की बघू म्हणाला होता. सुरय म्हणजे पांढरे, कात्रीसारख्या शेपटीचे समुद्रपक्षी. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावर ते दरवर्षी अंडी घालतात. गेल्या वर्षीचे येऊन गेले, आता यंदाचे आले होते. ऑपरेशननंतर महिनाभर वारा नको, वाळू नको, म्हणजे हंगाम गेलाच. दुकानातला कॅमेरा स्वतःच फोकस करतो, त्यामुळे गिऱ्हाइकांना काही कळलं नव्हतं. पक्ष्यांचं भिंग मात्र हाताने फिरवायचं. गुपचूप त्याने डावा डोळा लावून पाहिला होता. नाक मध्ये येत होतं आणि पक्षी सारखे भलत्याच बाजूने शिरत होते.

आणखी एक गोष्ट होती, ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. बिघडलं तर? आत्ता अर्धवट का होईना, दिसतंय तरी.

सुनेने कॅनचा फोटो मोठा केला. पडदाभर झाल्यावर त्यावरची तेलाच्या कंपनीची अक्षरंसुद्धा अंधूक दिसली. फोटोवाला बराच वेळ बघत राहिला. तो याच्याशी बोलला होता. आजवर एकाही पक्ष्याने त्याचं 'हलू नकोस' ऐकलं नव्हतं. हा ऐकतोय, हे सकाळीच खटकायला हवं होतं.

"मग सुरयांचं काय?" तो म्हणाला.

हा होकार आहे हे दोघींनाही कळलं. सुनेने लगेच दवाखान्याला फोन लावला.

"मी काढीन," बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "बटणच दाबायचं ना?"

"बटण कोणीही दाबेल. थांबता आलं पाहिजे."

"लग्न झाल्यापासून जेवायची थांबतेय तुमच्यासाठी. थांबायचं मला शिकवू नका."

दुपारी मागच्या अंगणात स्टुलावर बसून तिने भिंगाची कडी कशी फिरवायची ते शिकून घेतलं. तिचा हात त्याच्यापेक्षा हलका होता. त्याला हे दिसलं. भिंतीवर कावळा बसला.

"हलू नकोस रे," ती म्हणाली. कावळा उडाला.

"बघ," तो म्हणाला. "खरा असला की असं होतं."

संध्याकाळी सुनेने शटरला पुठ्ठा बांधला: उद्या दुकान बंद, पासपोर्टचे फोटो परवा. दवाखान्यात तपासणीची वेळ साडेनवाची मिळाली आहे. उद्या ओहोटी सहा पंचावन्नला आहे आणि पहिली बोट सात दहाला सुटते. बोटीत तो आणि सून असतील. कॅमेरा वाळूच्या पट्ट्यावर असेल.