रंग वाळेपर्यंत

भर समुद्रातल्या एका बेटावर, ओर्ताच्या बंदरात टॅक्सी चालवणाऱ्या दिओलिंडाला समुद्राचा भारी तिटकारा. समोरच्या पिको बेटावर जायचं म्हटलं तरी अर्ध्या वाटेत कठड्याला मिठी मारायची आणि पोटातलं सगळं माशांना वाढून मोकळी व्हायची. अशा बाईने ठरवलं, शिडाच्या होडीतून लांबच्या फ्लोरेस बेटावर जायचं. म्हणजे एक अख्खा दिवस आणि वर एक रात्र!

पण कारणही तसंच होतं. फ्लोरेसवर दिलेल्या थोरल्या बहिणीच्या, नातेर्सियाच्या नावाची चिठ्ठी यंदा निघाली होती. पवित्र आत्म्याच्या सणाचा चांदीचा मुकुट तिच्या घरी आला होता. रविवारी तो देवळात न्यायचा आणि सगळ्या गावाला रस्सा-पाव जेवू घालायचा, हा मान तिचा. नातेर्सिया लहानपणी तापातून वाचली तेव्हा आई नवस बोलली होती, की मुकुट माझ्या दोघी मुली मिळून नेतील. आई बिचारी चिठ्ठीची वाट बघत गेली. आता नाव निघालं, तर विमानं ढगामुळे फ्लोरेसवर घिरट्या घालून परत येत होती आणि मोठी बोट दुरुस्तीला लागली होती. नातेर्सियाने फोनवर बजावलं, "नवस माझ्या एकटीने फिटायचा नाही. कशीही ये."

बंदरात स्यूर्द आणि हिल्त्ये हे डच नवरा-बायको फ्लोरेसला जायला वारा फिरायची वाट बघत अडकले होते. दिओलिंडाने सौदा केला: मी तुम्हाला बेट दाखवते, तुम्ही मला न्या. बेट दाखवायचं हे निमित्त. हे पक्षी आपल्याला सोडून उडून जाऊ नयेत म्हणून तिला ते डोळ्यांसमोर हवे होते. डोंगरमाथ्यावरच्या विवरात तिने त्यांना धुकं दाखवलं, दुसरं काही दिसलंच नाही. कापेलिन्योसला ज्वालामुखीच्या राखेत कमरेपर्यंत गाडलेला दीपस्तंभ दाखवला. तिथे तर तिघांच्याही दातांत राख कचकचली. जेवणावर हिल्त्येने काही विचारलं, की ही बया उत्तर देता देता वारा फिरला का म्हणून आभाळाकडे बघायची.

आणि पहिल्याच दिवशी, जिभेच्या सवयीने, तिने भिंतीची गोष्ट सांगून टाकली. बंदराच्या भिंतीवर आपल्या होडीचं चित्र काढल्याशिवाय जो निघतो, त्याचं पुढे काही खरं नाही. एवढं सगळेच सांगतात. पण रंग पुरता वाळल्याशिवाय दोर सोडायचा नाही, हे शेपूट दिओलिंडाचं स्वतःचं होतं. गिऱ्हाईक आणखी एक दिवस राहिलं, की तिची आणखी एक फेरी व्हायची.

शनिवारी पहाटे वारा फिरला. दिओलिंडा पिशवी घेऊन धावत बंदरावर आली, तर स्यूर्द भिंतीपाशी उकिडवा बसून निवांत चित्र रंगवत होता. हवा अशी दमट, की दोरीवरचा रुमाल वाळेना. रंग वाळला की निघू, तो म्हणाला. हा वारा उद्या दुपारपर्यंतच टिकणार, म्हणजे लगेच निघायला हवं, हे त्यालाही ठाऊक होतं. पेरलं ते उगवलं, दुसरं काय!

"कॅप्टन, वाळायचं ते मी रचलेलं होतं. धंद्यासाठी," ती म्हणाली.

स्यूर्द हसला. घाईत आहात म्हणून आता असं म्हणताय, आम्ही समुद्राशी मस्करी करत नाही, असं म्हणून त्याने ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

दिओलिंडाचं डोकं सणकलं, पण रडत बसणारी ती नव्हे. टॅक्सी पिटाळत घरी गेली, केस वाळवायचं यंत्र घेऊन आली, कॅफेतून लांब वायर ओढली आणि भिंतीसमोर गुडघे टेकून रंगाला गरम वारा घालू लागली. बाकीचे टॅक्सीवाले विचारू लागले, भिंतीचं लग्नबिग्न आहे की काय. तिने वळूनही पाहिलं नाही.

हिल्त्ये तिच्याजवळ येऊन बसली. "चित्रात होडीवरची सगळी माणसं हवीत. तुमचंही नाव लिहा."

दिओलिंडाचा हात थांबला. तिने ही भिंत अख्ख्या जगाला दाखवली होती. पण तिच्यावर निघून जाणारे नावं लिहितात, इथे राहणारे नाहीत. ब्रश जाड होता, म्हणून तिने बोटं निळ्या रंगात बुडवून नाव लिहिलं, शेजारी छोटासा मुकुट काढला, आणि तोही वाळवला. मग कुठे स्यूर्दने दोर सोडला.

प्रवासात तिचे जे हाल झाले ते न सांगितलेलेच बरे. मध्येच लाटा चढल्या, ही पांढरीफटक पडलेली पाहून स्यूर्द म्हणाला, परत वळू या.

"मेले तर फ्लोरेसच्या वाटेवर मरेन," ती बादलीतून म्हणाली. "तोंड तिकडेच ठेवा."

रविवारी देवळाची घंटा वाजत असतानाच ती धक्क्यावर उतरली. गावात मिरवणूक खोळंबली होती. पाद्रीबाबा घड्याळ बघत होते, लोक कुजबुजत होते, आणि नातेर्सिया मुकुट मांडीवर घेऊन आपल्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसली होती. माझी बहीण येणार, त्याशिवाय मी उठणार नाही, एवढंच ती सकाळपासून म्हणत होती. समोरून मिठाने चिकटलेल्या केसांची दिओलिंडा झोकांड्या खात आली, तशी नातेर्सिया उठली.

दिओलिंडाने हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले. बोटं निळीच होती. तिने ती झग्यावर घासली, पुन्हा घासली.

"रंग निघत नाही गं ताई."

"राहू दे," नातेर्सिया म्हणाली. "कशी आलीस ते आईला कळू दे. धर."

दोघींनी मिळून मुकुट उचलला.