घोरपड, बिल्बी आणि माझी मुलगी

डोळखांबच्या आमच्या घरात माझी मुलगी मला 'काकी' म्हणायची. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मोठ्या जाऊबाईंची मुलं मला काकी म्हणत, त्यांचं ऐकून तिनंही तेच उचललं. जाऊबाईंना मात्र म्हणायची 'आई'. एकत्र घरात असं होतंच, त्यात नवल नाही. ती उठायच्या आत मी मुरबाडच्या बाजूला शाळेत निघायची आणि दिवेलागणीला परतायची. पोर दुसरं काय म्हणणार? पण माझा जीव जळायचा. शेजारीण तर तोंडावर म्हणाली, "पोरगी तुजी र्‍हायली नाय गो आता." त्या दिवसापासून नोकरी सोडायचं माझ्या मनानं घेतलं. जाऊबाईंना तसं बोलूनही दाखवलं.

त्याच आठवड्यात नववीला संकटात सापडलेले प्राणी शिकवत होते. फळ्याच्या मधोमध रेघ मारली. एकीकडे आपली घोरपड, दुसरीकडे ऑस्ट्रेलियातला बिल्बी, सशासारख्या कानांचा, पोटाला पिशवी असलेला. बिल्बीला मांजरं-कोल्हे खातात म्हणून तो संपत चाललाय, असं सांगितलं. मग विचारलं, घोरपडीला कोण खातं? मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आमीच." हसावं की ओरडावं तेच कळेना.

पुढं पिल्लांचा विषय आला. घोरपड वारुळात बीळ उकरते, अंडी घालते, वरून माती लोटते आणि चालू पडते. पुन्हा ढुंकून बघत नाही. मनात म्हटलं, घे, ही तूच. बिल्बीच्या बाजूला 'पिल्लू पिशवीत' एवढंच लिहून थांबणार होते, पण पुस्तकात आणखी चार ओळी होत्या. बिल्बीच्या पिशवीचं तोंड मागं असतं, म्हणजे आई जमीन उकरते तेव्हा पिल्लाच्या अंगावर माती उडत नाही. आणि पिल्लू जरा मोठं झालं की तीसुद्धा त्याला बिळात ठेवून पोट भरायला बाहेर पडते, दूध पाजायला परत येते. वाचून बरं वाटलं, पण जरासंच. बिल्बीच्या बिळात जाऊबाई नसते.

शनिवारी सकाळची शाळा, म्हणून दुपारीच घरी पोचले. जाऊबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या, पोरगी त्यांना टेकून बसलेली. तेवढ्यात पेंढ्याखालून हातभर घोरपड बाहेर आली, जीभ लपलपवत, थेट पोरीसमोर. पोरगी किंचाळली. जाऊबाईंनी तिला घ्यायला हात पुढं केले. ती त्या हातांखालून निसटली, सगळं अंगण ओलांडून "काकी, काकी" करत माझ्याकडं धावली आणि मानेला अशी बिलगली की माझा श्वास कोंडला. भाऊजी काठी शोधेपर्यंत घोरपड कुंपणापार झाली होती. तिच्याही जिवावरचं टळलं.

मला रडू आवरेना. जाऊबाईंनी सूप खाली ठेवलं.

"रडतेस कशाला गो? भरवायचं मी, न्हाऊ घालायचं मी, आणि भ्याली की तुजी. सोमवारी गप शालंत जा."

मी गेले. त्यानंतरही कितीतरी दिवस पोरगी मला काकीच म्हणत होती. म्हणू दे म्हटलं.